दहा गुंठ्यांचा बागायतदार

चूक माझीच. फोनवर सात समुद्रांपलीकडे बोलताना माणसानं नाम आणि विशेषण दोन्ही सांगावं. मी नुसतं नाम सांगितलं. “आप्पा, ट्रॅक्टर घेतला.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग आईला मारलेली हाक. मग ओसरीवरचा गलका. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात त्या संध्याकाळी दोन किलो पेढे वाटले गेले आणि ‘पोरानं अमेरिकेत ट्रॅक्टर घेतला’ ही बातमी दूध डेअरीपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत पोचली. ‘बागेतला’ हे विशेषण मी गिळलं होतं. ते आप्पांनी पाच महिन्यांनी, एप्रिलात, विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गॅरेजचं दार वर सरकल्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

ट्रॅक्टर त्यांच्या कमरेला लागत होता. आप्पा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. बाजारात खिलार खोंड बघताना मारतात तशी, हात पाठीमागे बांधून. मग वाकून त्यांनी त्याच्या पुढच्या चाकाकडं पाहिलं. ते चाक आमच्या परातीएवढं आहे.

“आरं,” आप्पा म्हणाले, “ह्याची आई कुठाय?”

मी सांगायला लागलो की हा पूर्ण वाढलेला आहे. १९६७ सालचा आहे, म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. बारा घोड्यांचं एक सिलेंडरचं बिडाचं इंजिन आहे. आप्पांना बारा हा आकडा कळला. घोडे कुठे आहेत ते कळेना. “आणि जमीन किती म्हणालास?”

“पाव एकर.”

“म्हंजी धा गुंठं. त्यात घर किती?”

मी विषय बदलला.

ट्रॅक्टर कुठल्या कंपनीचा, ते मी इथे लिहिणार नाही. एक तर पुढे त्याच्या तक्रारी यायच्या आहेत, आणि दुसरं म्हणजे बायकोचं म्हणणं असं की ज्या तऱ्हेनं मी त्याच्याबद्दल बोलतो, ते पाहता नाव घ्यायचंच तर उखाण्यात घ्यावं.

तर हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत शहराबाहेर घरांच्या ओळी उठल्या. शेत सोडून आलेल्या माणसाच्या वाट्याला पाव-अर्धा एकर गवत आलं. शेत सुटलं, पण ट्रॅक्टरच्या लोखंडी सीटवर बसायची हौस सुटली नाही. कंपन्यांनी ही नस पकडली. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही थोरली ट्रॅक्टरवाली कंपनी. तिनं १९६१च्या सुमारास ‘कब कॅडेट’ नावाचं सात घोड्यांचं पिल्लू बाजारात आणलं. १९६३मध्ये जॉन डिअरचं ‘११०’ आलं, तेही सातच घोड्यांचं. ही खेळणी नव्हती. नांगर जोडा, नांगरणी होते. पातं लावा, बर्फ ढकलतात. पोटाखाली कापणी यंत्र टांगा, गवत कापतात. गिअर बिडाचे, पत्रा जाड. आजच्या दुकानातल्या गवतकापणी यंत्राचा पत्रा बघितला की मला रेशनच्या डब्याचं झाकण आठवतं. म्हणून तर साठ वर्षांपूर्वीची ही यंत्रं अजून जिवंत आहेत आणि माझ्यासारखे लोक त्यांच्या पोटाखाली पाठीवर पडलेले आहेत.

मला हा नाद लावला शेजारच्या म्हाताऱ्यानं. त्याला मी मनातल्या मनात पाटील म्हणतो, कारण त्याच्या कोठारात असे सात ट्रॅक्टर आहेत आणि सातही जणांना वेगवेगळी सेवा लागते. मी नोकरीत संगणकावर बसून चाळीस वेळा ‘बिघाड सापडला’ असं लिहितो. पाटलानं मला पहिल्यांदा बिघाड हातात दिला. काळा, तेलकट, तळहातावर मावणारा. कंडेन्सर होता तो. त्यानंतर मी माणसातून उठलो.

वसंतापासून सुरुवात करतो, कारण इथे वर्ष तिथूनच सुरू होतं. एप्रिलात बर्फ वितळलं की गवत आठ दिवसांत गुडघ्याला येतं आणि ट्रॅक्टर सुरू होत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच शनिवारी घडतात. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. हिवाळाभर कार्बोरेटरमध्ये राहिलेल्या पेट्रोलचं जे काही होतं, ते आपल्याकडे खरवसाचं होतं तसं दिसतं, फक्त वास वार्निशचा येतो. मी जेट साफ केलं, फ्लोट साफ केला, प्लग बदलला, बॅटरी चार्ज केली. इंजिन नुसतं खाकरत होतं.

आप्पा चहाचा कप घेऊन तीन दिवस हे पाहत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, “पाइंट बघितलास का?”

माझी मान खाली गेली. आप्पांकडे पंचवीस वर्षं राजदूत मोटारसायकल होती. तिच्यावरून त्यांनी दूध घातलं, कडब्याच्या पेंढ्या आणल्या, आणि एकदा पाहुण्यांची म्हैसही माज आल्यावर तिच्यामागूनच चालवत नेली. ठिणगीचे पॉइंट म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. दोन पॉइंटमध्ये फट हवी वीस हजारांश इंच. माझ्याकडे त्यासाठी फिलर गेज होतं, डिजिटल मापक होतं, मॅन्युअलचं झेरॉक्स होतं. आप्पांनी काचकागदाचा तुकडा मागितला, दोनदा घासला, फुंकर मारली, नखानं फट पाहिली आणि म्हणाले, “मार किल्ली.”

सुरू झाला. मग मी मापकानं फट मोजली. एकवीस होती. “एक जास्त झाली,” मी म्हणालो. आप्पा चहा पीत राहिले.

पण दहा मिनिटांत इंजिन तव्यासारखं तापलं. हवेवर थंड होणारं इंजिन. पंख्यावरचं झाकण काढलं तर आत उंदराचं अख्खं कुटुंब. सीटमधला स्पंज, गॅरेजच्या भिंतीतला कापूस आणि माझ्या विम्याच्या कागदांचा भुगा, असं भरभक्कम बांधकाम. आप्पांनी ते फावड्यावर अलगद उचलून कुंपणाजवळ ठेवलं. गणपतीचं वाहन. “आमच्याकडं ज्वारी खातोय,” ते म्हणाले, “तुमच्याकडं वायर खातोय. ज्याचं-त्याचं नशीब.”

त्या दिवसापासून ‘ह्याची आई कुठाय’ बंद झालं. आप्पा सकाळी उठून आधी गॅरेजमध्ये जाऊ लागले. गवत कापायचा कार्यक्रम मात्र त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. चाळीस मिनिटं ट्रॅक्टर फिरवून कापलेलं हिरवंगार गवत जमिनीवरच टाकून द्यायचं, हे पाहून त्यांच्या पोटात कालवलं. “दोन म्हशी आरामात बसत्यात ह्यात,” असं ते बायकोला दोन-तीनदा म्हणाले. तिनं त्यांना नगरपालिकेचे नियम समजावले. आप्पांना नियम कळले, गवत कळलं नाही.

मे महिन्यात मी त्यांना यात्रेला नेलं. आमचा पूर्व विस्कॉन्सिन म्हणजे या पंथाचं क्षेत्र आहे. गाडीनं एका दिवसात तीन ठाणी होतात. पहिलं कोहलर गाव. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कित्येक नामवंत बाग-ट्रॅक्टरांत कोहलरचंच बिडाचं इंजिन आहे. पाटी वाचताच आप्पा थांबले. “हे नाव मी रोज सकाळी बघतो,” ते म्हणाले. बरोबर. आमच्या न्हाणीघरात कमोडवर तेच आहे. मी त्यांना सांगितलं की ही कंपनी १८७३ची, आणि जॉन मायकेल कोहलरनं १८८३मध्ये जनावरांना पाणी पाजायच्या बिडाच्या डोणीला पांढरा मुलामा दिला, चार पाय लावले आणि आंघोळीचा टब म्हणून विकली. पहिला टब एका शेतकऱ्यानं एक गाय आणि चौदा कोंबड्या देऊन घेतला, असं तिथे सांगतात. आप्पांनी हिशेब केला. “गाय कसली होती?” तेवढं मात्र तिथे कोणी सांगत नाही. तिथल्या प्रदर्शनात कमोडांची एक उंच भिंत उभी आहे. तिच्यासमोर आप्पांनी टोपी काढली. का, ते मी विचारलं नाही.

दुसरं ठाणं पोर्ट वॉशिंग्टन, मिशिगन सरोवराच्या काठी. बोलेन्स आणि सिम्प्लिसिटी या दोन कट्टर प्रतिस्पर्धी कंपन्या एकाच गावातल्या. एका पेठेत दोन तालमी असाव्यात तसं. कुणाच्या घरात कुठला ट्रॅक्टर, त्यावरून सोयरिकी ठरत असतील असा आप्पांचा अंदाज. तिसरं हॉरिकन. इथे जॉन डिअरचे छोटे ट्रॅक्टर जन्माला आले. पाटीवर उडी मारणारं हरीण बघून आप्पा एकदम खूश झाले. “हे तर आपलं सणसवाडीचं!” पुणे-नगर रस्त्यावर सणसवाडीला जॉन डिअरचा कारखाना आहे, आणि आप्पांच्या मते या लोकांनी तिथून कल्पना उचलली. मी वाद घातला नाही. उलट त्यांना हॉरिकनची एक गंमत सांगितली. १९६९मध्ये जॉन डिअरला वाटलं की घरधनिणीच्या अंगणातल्या खुर्च्यांना शोभेल असा ट्रॅक्टर हवा. म्हणून हिरव्या-पिवळ्याऐवजी पांढऱ्या अंगाचे आणि निळ्या, नारिंगी, पिवळ्या किंवा लाल बोनेटचे ट्रॅक्टर काढले. कुणी घेईनात. काही दुकानदारांनी म्हणे स्वतःच हिरवा रंग मारून खपवले. आणि आज तेच निळे-नारिंगी मिळावेत म्हणून लोक देव पाण्यात घालतात. आप्पा म्हणाले, “नारिंगी बैल कोण घील? बेंदराला शिंगं रंगवावीत, आख्खा बैल रंगवायचा नसतोय.”

बेंदराचं नाव त्यांनी काढलं आणि मला ४ जुलैची आठवण झाली.

अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला आमच्या छोट्या गावात मिरवणूक निघते. अग्निशमन बंब, शाळेचं बँड पथक, आणि त्यामागे जुन्या ट्रॅक्टरांची रांग. त्या वर्षी बेंदूर आणि ४ जुलै लागूनच आले. पाटलानं मला रांगेत जागा मिळवून दिली, एका अटीवर: ट्रॅक्टरला नवीन काही लावायचं नाही.

इथे या पंथातली फूट सांगितली पाहिजे. एक जहाल, एक मवाळ. जहालांच्या मते मूळ बोल्ट, मूळ रंग, मूळ गंज; उडालेला रंग हे यंत्राचं चारित्र्य. मवाळ म्हणतात, दिवे एलईडी झाले, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसलं, कप ठेवायला कडं आलं, तर धर्म बुडत नाही. मी मवाळ. कडं मीच बसवलंय. चहा सांडतो, पण बसवलंय. आणि मी पाटलाला एकदा ऐकवलंही की मूळ पाप तुमच्याच लोकांचं. वेस्ट व्हर्जिनियातला बेंजामिन ग्रेव्हली हा चक्क फोटोग्राफर. त्यानं हातनांगराला ‘इंडियन’ मोटारसायकलचं इंजिन जोडून घरच्या घरी यांत्रिक नांगर बनवला आणि १९१६मध्ये पेटंट घेतलं. बदल करण्यातूनच हा सगळा प्रपंच उभा राहिला. पाटील म्हणाला, “ते इंडियन मूळ होतं.” पाटलाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तेव्हा ४ जुलैच्या सकाळी पाटील यायच्या आत आप्पांनी बॅग उघडली. गावाहून येताना मी त्यांना चकली आणायला सांगितली होती. त्यांनी घुंगरमाळ आणली होती. आमच्या घरच्या शेवटच्या बैलाची, मागच्या पिढीतली, पितळी. सोबत रंगीत गोंडे, आणि गुलालाची पुडी. ती मात्र बायकोनं वेळीच जप्त केली. बोनेटभोवती घुंगरमाळ, स्टिअरिंगला गोंडे, दिव्यांवर हळदी-कुंकू. मागे जोडलेल्या छोट्या गाडीत फेटा बांधलेले आप्पा. रस्त्याच्या दुतर्फा बसलेल्या पोरांकडे सगळे जण गोळ्या-चॉकलेटं उधळत होते. आप्पांनी गूळ-शेंगदाण्याचे लाडू उधळले. शेंगदाण्याची ॲलर्जी ही चीज त्यांना कुणी सांगितली नव्हती. दोन आया पळत आल्या, पण कुणाला काही झालं नाही.

ग्रंथालयासमोर, जिथे सगळ्यात गर्दी, तिथे बरोब्बर इंजिन बसलं. मी चोक ओढला, किल्ली फिरवली, चोक ढकलला. मागे बँड, त्यामागे बंब. आप्पा खाली उतरले, सवयीनं मागच्या बाजूला गेले, आणि क्षणभर थबकले. बसलेल्या बैलाची शेपटी पिरगाळायची असते. इथे ती नव्हती. मग पुढे येऊन त्यांनी प्लगची टोपी दाबून बसवली, बोनेटवर एक थाप मारली, काहीतरी पुटपुटले. पुढच्या किल्लीला तो उठला. रस्त्यावर टाळ्या पडल्या. तेवढ्यात पाटील त्याच्या ट्रॅक्टरवरून वळून बघत होता. माळ बघूनही तो काही बोलला नाही. संध्याकाळी पुरणपोळी खाताना विचारत होता, अशी माळ मिळते कुठे.

त्याच रात्री त्यानं आप्पांना आयोवातल्या ऑल्विन स्ट्रेटची गोष्ट सांगितली, मी दुभाषी. १९९४ची. त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा, नजर अधू, म्हणून मोटारीचा परवाना नाही. विस्कॉन्सिनमध्ये आजारी पडलेल्या भावाला भेटायचं. तर गडी गवतकापणीच्या यंत्रावर निघाला. यंत्र होतं १९६६चं जॉन डिअर. दोनशे चाळीस मैल, सहा आठवडे. डेव्हिड लिंचनं १९९९मध्ये त्याच्यावर सिनेमा काढला. सिनेमात भाऊ-भाऊ दहा वर्षं बोलत नसतात. पाटलाला पुढे गायक जॉर्ज जोन्सची कहाणी सांगायची होती. बायकोनं मोटारींच्या किल्ल्या लपवल्या तर हा पठ्ठ्या असल्याच यंत्रावर बसून मैलोन् मैल दारूच्या दुकानात गेला होता. पण आप्पा पहिल्याच गोष्टीत अडकून पडले.

“का बोलत नव्हतं?” त्यांनी विचारलं.

पाटलाला माहीत नव्हतं.

“बांध असंल,” आप्पा म्हणाले आणि उठून झोपायला गेले. आप्पा आणि तात्या, त्यांचा धाकटा भाऊ, हे अकरा वर्षं बोलत नाहीत. तात्यांचं घर आमच्या घरापासून चाळीस पावलांवर आहे.

ऑगस्टमध्ये जुन्या यंत्रांच्या एका जत्रेत गेलो. तिथे एक कब कॅडेट पाहून आप्पांनी त्याच्या नावपट्टीवर बोट ठेवलं. ‘इंटरनॅशनल’. “हे आमच्या सरपंचाच्या ट्रॅक्टरवर होतं.” खरंच होतं. इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून महिंद्रानं १९६३मध्ये ट्रॅक्टरचा धंदा सुरू केला आणि कांदिवलीत बी-२७५ बनू लागला. गावात पहिला आला तेव्हा आप्पा त्याच्यामागून पळत गेले होते, म्हणाले. कब कॅडेटच्या सीटवर ते बराच वेळ बसून राहिले. मालकानं काही हटकलं नाही. या जत्रांत सीटवर बसलेल्या म्हाताऱ्याला कुणी हटकत नाही.

सप्टेंबरअखेर आप्पा परत गेले. शरदाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. झाडं पानं टाकतात, मी गोळा करतो, झाडं पुन्हा टाकतात. खंडेनवमीला झेंडू मिळाले नाहीत, शेवंती वाहिली.

हिवाळा मात्र ट्रॅक्टरचा खरा हंगाम. कापणी यंत्र उतरवायचं, पुढे बर्फाचं पातं चढवायचं, मागच्या चाकांना साखळ्या. घसरू नये म्हणून मागच्या टायरांत वजन लागतं. गावाकडे त्यासाठी टायरात पाणी भरतात. इथे उणे वीसला पाण्याचा दगड होतो, म्हणून बिटाचा रस भरतात. थट्टा नाही. बिटाची साखर काढल्यावर जी मळी उरते, तिच्यापासून केलेला द्रव. पाण्यापेक्षा जड आणि असल्या थंडीत न गोठणारा. हे आप्पांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी मला तीनदा पुन्हा म्हणायला लावलं.

जानेवारीत फूटभर बर्फ पडलं आणि त्याच सकाळी माझी कंबर धरली. पलंगावरून मी बायकोला क्रम सांगत होतो: चोक तीन-चतुर्थांश, थ्रॉटल अर्धा, दहा सेकंद थांब, मग... खिडकीतून इंजिनाचा आवाज आला. परत आल्यावर तिनं सांगितलं की तिनं नुसती किल्ली फिरवली. वीस मिनिटांत रस्ता मोकळा झाला. “छान आहे की,” ती म्हणाली. “तू उगाच खोलत बसतोस.” मला तीन दिवस कंबर उठू देत नव्हती, त्यामुळे मी काही बोललो नाही.

मार्चमध्ये रात्री अकराला आईचा फोन. “तू काय घातलंस ह्यांच्या डोक्यात?” मग फोन आप्पांनी घेतला. वीटभट्टीमागं बी-२७५ सापडला होता. बोनेटमधून बाभळ उगवलेली. भंगारवाला किलोवर देत होता. ओढून घरी आणायला आमच्याकडे जनावर नाही, म्हणून तात्याची बैलजोडी लावली. तात्या स्वतः आला होता, कासरा धरायला.

“तात्या आला?” मी म्हणालो.

“जोडी त्याची हाय तर येणारच की. त्याला काय माझी आठवण आली नव्हती.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “बरं, ते टायराचं सांग. उसाची मळी चालंल का? कारखान्यावर चेरमनच्या पुतण्याची वळख हाय.”

“आप्पा, कऱ्हाडला पाणी गोठत नाही. पाणीच भरा.”

“पाणी काय,” आप्पा म्हणाले, “कुणीबी भरतंय.”